विंडोज नवी टाकली, पुढे काय?

आज मी आपल्याशी एका साध्याच पण घरोघरी आणि शाळोशाळी भेडसावणाऱ्या अडचणीविषयी बोलणार आहे. लॅपटॉप मंद चालू लागतो, मध्येच अडतो, नाही तर सुरूच होईनासा होतो. मग कोणी तरी सांगते, "फॉरमॅट मारा आणि नवी विंडोज टाका." आपण ती टाकून घेतो. यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, आणि आपल्याला वाटते, चला, सुटलो एकदाचे. पण खरी फजिती तिथून पुढे असते. वाय-फाय दिसत नाही. आवाज निघत नाही. पडद्यावरची अक्षरे भलतीच मोठी दिसतात. घड्याळ रात्रीची वेळ दाखवते तेव्हा बाहेर ऊन असते. आणि मराठीत तयार केलेले निकालपत्रक उघडावे, तर एकही अक्षर ओळखू येत नाही.

अशा वेळी काय होते ते पाहा. समजा, काटोल तालुक्यातील एका लहानशा गावची जिल्हा परिषदेची शाळा आहे. २२ जून २०१५ रोजी राज्य शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला. त्यानंतरच्या काळात अनेक गावांनी आपसांत वर्गणी गोळा करून शाळेला संगणक आणि प्रोजेक्टर घेऊन दिले. आपल्या या गावानेही तसाच एक लॅपटॉप घेतला. कोणी शंभर दिले, कोणी पाचशे दिले, कोणी कापूस विकल्यावर देतो म्हणाला आणि खरोखरच दिले. चार-सहा वर्षांनी तो लॅपटॉप अडला. गुरुजी तो घेऊन शहरात गेले. दुकानदाराने नवी विंडोज टाकून दिली. शाळेत आणून पाहतात तर वाय-फाय नाही. पुन्हा चकरा मारल्या. तेव्हा उत्तर मिळाले, "गुरुजी, याचं कार्ड गेलं. बोर्डातच दोष दिसते. आता नवाच घ्या." गुरुजींनी मुकाट्याने लॅपटॉप शाळेच्या कपाटात ठेवला. गावाच्या वर्गणीची वस्तू धूळ खात पडली आणि मुलांचा तास बुडाला तो बुडालाच.

श्रोतेहो, माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, अशा दहा लॅपटॉपांपैकी पुष्कळांमध्ये काहीच बिघडलेले नसते. नव्या विंडोजची आणि जुन्या यंत्राची ओळख करून द्यायची राहून गेलेली असते. ती ओळख आपली आपल्याला करून देता येते.

हे नीट समजावे म्हणून शेतातलेच उदाहरण घेऊ. पाडव्याला आपण नवा सालदार ठेवतो. गडी अंगापिंडाने चांगला असतो, कामाला वाघ असतो. पण पहिल्या दिवशी त्याला काय माहीत असते? कोणता बैल उजव्या बाजूला जुंपायचा, कोणता लाथ मारतो, मोटरचे बटन कुठे आहे, धुऱ्यावरची वाट कोणती, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. सांगितले नाही तर तो बांधावर उभा राहील. म्हणून काय आपण बैल मेला असे म्हणतो? विंडोजचे तसेच आहे. ती नवा सालदार आहे. लॅपटॉपमधील वाय-फायचा भाग, आवाजाचा भाग, पडदा चालवणारा भाग, कॅमेरा, हे सारे तिचे बैल. प्रत्येक बैल कसा हाकायचा हे सांगणारी एक लहानशी आज्ञावली असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या विंडोजबरोबर हे सगळे ड्रायव्हर होते. फॉरमॅट मारला तेव्हा तेही पुसले गेले. नवी विंडोज काही ड्रायव्हर स्वतःबरोबर आणते, पण सगळेच आणत नाही.

परंतु ड्रायव्हरकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती एकदा चुकली तर पुन्हा दुरुस्त होत नाही. ड्रायव्हर पुन्हा मिळतो. विंडोज पुन्हा मिळते. तुमच्या विद्यार्थ्यांची माहिती, मुलाच्या लग्नाची छायाचित्रे, पीक विम्याची पावती, ही मात्र पुन्हा मिळत नाही. पुष्कळ जण म्हणतात, "माझं सगळं डेस्कटॉपवरच आहे, काही चिंता नाही." अहो, चिंता तिथेच आहे! डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू सामान्यतः सी ड्राइव्हमध्येच असते, आणि फॉरमॅट मारतात तो नेमका सी ड्राइव्हलाच. म्हणून दुकानात जाण्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चारही कप्पे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. लॅपटॉप सुरूच होत नसेल तरी दुकानदाराला स्पष्ट सांगा, "आधी माझा डेटा काढा, मग विंडोज टाका."

आणि समजा, हे राहूनच गेले, तर? तरीही लगेच कपाळाला हात लावू नका. फॉरमॅट न मारता विंडोज टाकली असेल तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा एक कप्पा शोधा. त्यात 'यूझर्स' असे लिहिलेल्या ठिकाणी जुना डेस्कटॉप आणि जुनी कागदपत्रे जशीच्या तशी सापडतात. हा कप्पा काही दिवसांनी यंत्र आपणहून काढून टाकते, म्हणून सापडल्या दिवशीच वस्तू बाहेर काढा. फॉरमॅट मारलाच असेल, तर त्या लॅपटॉपवर नवे काहीही भरू नका. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर जाणकाराला जुन्या वस्तू पुष्कळदा परत काढता येतात, पण वर नवे लिहिले गेले की त्या गेल्या. शेतात नांगर फिरल्यावर पाऊलखुणा शोधण्यासारखे ते आहे. नव्या पद्धतीची एसएसडी असेल तर पुसलेला भाग ती स्वतःच साफ करून टाकते, आणि मग आशा फार थोडी उरते. म्हणून उतारा आधी काढून ठेवलेला बरा.

आता ओळख करून देण्याच्या कामाला लागू.

पहिली अडचण वाय-फायची, कारण ते आले की बाकीच्या अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात. प्रथम कीबोर्डवर विमानाचे किंवा अँटेनाचे चित्र असलेली कळ आहे का ते पाहा. ती चुकून दाबली गेली असेल तर वाय-फाय बंद राहते. काही जुन्या लॅपटॉपांच्या कडेला त्यासाठी लहानसे सरकते बटनही असते. ते ठीक असेल तर खाली डाव्या बाजूला किंवा मध्यभागी असलेल्या स्टार्टच्या खुणेवर माऊसची उजवी कळ दाबा. एक यादी उघडेल. तीत 'डिव्हाइस मॅनेजर' असे नाव आहे. ते उघडा. हे म्हणजे यंत्राचे हजेरीपत्रक समजा. ज्याची ओळख पटलेली नाही त्याच्यासमोर पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह दिसते. पिवळा त्रिकोण दिसला तर वाईट वाटून घेऊ नका. भाग जागेवर आहे आणि हजेरी देतो आहे, नाव तेवढे ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ. भाग खरोखरच निकामी झाला असेल तर पुष्कळदा तो यादीत मुळीच दिसत नाही. दुकानदार 'कार्ड गेलं' म्हणाला तर त्याच्यासमोर ही यादी उघडून पाहा.

आता तुम्ही विचाराल, "इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर आणता येत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही. मग करावे काय?" प्रश्न बरोबर आहे. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी ही गत. पण याला एक सोपी वाट आहे, आणि ती तुमच्या खिशातच आहे. आपला अँड्रॉइड मोबाइल फोन चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडा. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग असा भाग शोधा, आणि त्यात यूएसबी टेदरिंग सुरू करा. फोनमधील इंटरनेट तारेवाटे लॅपटॉपमध्ये येईल. या वाटेला वाय-फायच्या ड्रायव्हरची गरज लागत नाही. ते बटन फिकट दिसत असेल आणि दाबले जात नसेल, तर तार बदलून पाहा. काही स्वस्त तारा नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. नव्या विंडोज ११ मध्ये तर सुरुवातीलाच इंटरनेट मागतात आणि वाय-फाय नसल्यामुळे माणूस तिथेच अडकतो. तिथेही फोनची हीच तार पुष्कळदा उपयोगी पडते.

इंटरनेट आले की सेटिंग्ज उघडून 'विंडोज अपडेट'मध्ये जा आणि तपासणीचे बटन दाबा. यंत्र स्वतःच बहुतेक ड्रायव्हर शोधून आणते. त्यातच 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि पुढे 'ऑप्शनल अपडेट्स' असा एक कोपरा आहे. राहिलेले ड्रायव्हर पुष्कळदा तिथे वाट पाहत बसलेले असतात. लोक तिथे पाहतच नाहीत. एक सावधगिरी मात्र घ्या. ही उतरवण्याची कामे पुष्कळ डेटा खातात. फोनवर दिवसाची मर्यादा असेल तर आधी वाय-फायचा ड्रायव्हर आणून घ्या आणि बाकीचे जिथे वाय-फाय असेल तिथे करा.

एवढ्यानेही पिवळे त्रिकोण उरले, तर लॅपटॉप पालथा करा. पोटावरच्या पट्टीवर त्याचा मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक छापलेला असतो. ज्या कंपनीचा लॅपटॉप असेल तिच्या संकेतस्थळावर 'सपोर्ट' या भागात तो क्रमांक घातला की त्याच मॉडेलचे सगळे ड्रायव्हर एका ठिकाणी मिळतात. आधी चिपसेटचा घाला, मग वाय-फायचा, मग पडद्याचा म्हणजे ग्राफिक्सचा, नंतर आवाजाचा आणि बाकीचे. घर बांधताना आधी पाया, मग भिंती, तसेच हे. पट्टीवरचे अक्षर पुसले गेले असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर दोनदा टिचकी मारा, 'डिटेल्स'मध्ये जा आणि 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे प्रत्येक भागाची कुळकथा लिहिलेली असते. व्हीईएन या तीन अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरे असतात, ती बनवणाऱ्या कंपनीची खूण. ८०८६ असेल तर तो भाग इंटेलचा. डीईव्ही या अक्षरांपुढची चार म्हणजे त्या भागाची खूण. यांवरून जाणकार माणूस दोन मिनिटांत ड्रायव्हर ओळखतो.

इंटरनेटवर 'सगळे ड्रायव्हर एका बटनात' देणारी पुष्कळ दुकाने आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांतील कित्येक जण ड्रायव्हरबरोबर जाहिराती आणि विषाणूही घरात आणून सोडतात. बियाणे खात्रीच्या दुकानातून घ्यावे, तसाच ड्रायव्हर कंपनीकडूनच घ्यावा.

बाकीच्या तक्रारी आता झपाट्याने पाहू. पडद्यावरची अक्षरे फार मोठी दिसतात, चित्रे फिस्कटलेली दिसतात, प्रकाश कमी-जास्त होत नाही, ही लक्षणे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसल्याची आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' असे नाव दिसले तर विंडोजने तात्पुरता बदली माणूस लावला आहे असे समजा. आवाज येत नसेल तर आधी खालच्या कोपऱ्यातील कर्ण्याच्या चित्रावर जा आणि आवाज दुसरीकडे तर पाठवला नाही ना ते पाहा. प्रोजेक्टर जोडलेला असताना आवाज पुष्कळदा त्याच्याकडे जातो आणि आपण लॅपटॉपला दोष देतो. स्पर्शपट्टीवर दोन बोटांनी पान सरकत नसेल तर तिचाही ड्रायव्हर हवा. तोवर काम अडू नये म्हणून साधा तारेचा माऊस जवळ असू द्या. कॅमेरा काळा दिसत असेल तर त्याच्यावरचे लहानसे झाकण सरकवून पाहा. हे ऐकून हसू येईल, पण झाकण बंद ठेवून कॅमेरा दुरुस्तीला नेणारे लोक आहेत. आणि सुरू करताना 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली, तर सर्वप्रथम पेनड्राइव्ह तसाच लागून राहिला आहे का ते पाहून काढून घ्या.

घड्याळाची गोष्ट मात्र थोडी सावकाश सांगतो, कारण तिच्यामुळे भलतीच दिशाभूल होते. इंटरनेट आले, पण कोणतेही संकेतस्थळ उघडले की 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी लाल सूचना येते. माणूस घाबरतो, विषाणू आला म्हणतो. अशा वेळी आधी तारीख आणि वेळ पाहा. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक मुदतीचे प्रमाणपत्र असते. तुमच्या यंत्रात सन २०१५ असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला खोटेच वाटणार! आपण पूर्वी आकाशवाणीच्या ठोक्यांवर घरातील घड्याळ लावत होतो, तसे हेही लावून घ्यावे लागते. आता वेळ किती चुकते यावरून कारण कळते. नवी विंडोज कधी कधी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ धरून बसते. तेव्हा घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते, आणि तिकडच्या उन्हाळ्यात साडेबारा तास. सेटिंग्जमध्ये 'टाइम झोन' म्हणून जी यादी आहे तीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावे असलेली ओळ निवडा. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली असतील आणि वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर एक प्रणाली घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहिते आणि दुसरी ती भारताची समजते, एवढेच. पण यंत्र बंद केले की दर वेळी तारीख काही वर्षे मागेच जात असेल, तर आतला लहान सेल संपला आहे. जुन्या लॅपटॉपांत तो बहुधा बटनासारखा चपटा असतो आणि थोडक्या पैशांत बदलून मिळतो.

आता मराठीकडे वळतो. शिक्षकमित्रांनी हा भाग विशेष लक्ष देऊन ऐकावा. नवी विंडोज टाकल्यावर तुम्ही जुने निकालपत्रक उघडता. 'नागपूर' हा शब्द जिथे होता तिथे इंग्रजी अक्षरे दिसतात, यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. तुम्हाला वाटते, कागद खराब झाला, वर्षाची मेहनत गेली. नाही हो, काहीही गेलेले नाही! तो कागद कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला आहे. हे जुने फाँट इंग्रजी अक्षरांनाच मराठी अक्षरांचा पोशाख घालत असत. 'यू' या अक्षराला 'न'चा पोशाख, 'के'ला कान्याचा, 'एक्स'ला 'ग'चा. फॉरमॅटमध्ये पोशाखांची ती पेटी पुसली गेली, आणि आतली इंग्रजी अक्षरे उघडी पडली. तो फाँट पुन्हा घातला की 'नागपूर' जागच्या जागी दिसते. श्रीलिपीसारख्या इतर जुन्या फाँटांचेही असेच होते. म्हणून विंडोज पुसण्याआधी सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज' आणि त्यात 'फाँट्स' हा कप्पा आहे, त्यातील आपले मराठी फाँट पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

पण यावर कायमचा उपाय युनिकोड हा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला कागद गडचिरोलीत लिहा आणि लंडनमध्ये उघडा, 'न' तो 'न'च राहतो. नव्या विंडोजमध्ये त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषेच्या भागात जाऊन मराठी भाषा जोडा. मग इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक मिळतो. यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. तो शिकायला मुलांना थोडे दिवस लागतात. ज्यांना 'के' दाबून 'क' आणि 'एम' दाबून 'म' अशी सवय आहे, त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलकही दिलेला आहे. विंडोजच्या चित्राची कळ दाबून धरून लांब पट्टीची स्पेसची कळ दाबली की इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाता येते. जुने कृतिदेवचे कागद युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या आज्ञावल्याही मिळतात. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत, तिथे चुका राहतात. सुट्टीत हे एक काम हातावेगळे केलेत, तर पुढच्या फॉरमॅटची भीती उरणार नाही.

आता पैशाची आणि फसवणुकीची गोष्ट. पडद्याच्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरे दिसतात. दुकानदार म्हणतो, "मी एक छोटंसं काम करून देतो, अक्षरं जातात." तो चोरीची आज्ञावली भरतो, आणि तिच्याबरोबर काय काय आत येते हे तुम्हाला कळत नाही. त्याची गरज बहुधा नसतेच. ज्या लॅपटॉपबरोबर कंपनीनेच विंडोज दिली होती, त्याचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. विंडोज ८ म्हणजे २०१२ पासूनच्या बहुतेक अशा लॅपटॉपांत त्याची किल्ली आतल्या चिपमध्येच कोरलेली असते. इंटरनेट जोडले की परवाना आपोआप लागू होतो. मात्र आवृत्ती तीच हवी. पूर्वी 'होम' होती आणि दुकानात 'प्रो' टाकली, तर परवाना जुळत नाही. म्हणून देतानाच सांगा, "जी होती तीच टाका."

दुसरे असे की, नव्या विंडोज ११ मध्ये २०२४ पासून डिस्कला आपोआप कुलूप लागू शकते. त्याची किल्ली ४८ आकड्यांची असते, आणि ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला त्या खात्यात ती जाऊन बसते. दुकानदाराने घाईत स्वतःच्या खात्याने सुरू करून दिला असेल, तर तुमच्या तिजोरीची किल्ली त्याच्या खिशात गेली! उद्या एखाद्या दुरुस्तीनंतर यंत्राने ते आकडे मागितले तर तुम्ही हतबल व्हाल. म्हणून लॅपटॉप स्वतःच्या किंवा शाळेच्या खात्यानेच सुरू करा आणि ते आकडे कागदावर लिहून जपून ठेवा.

आणि पडद्यावर एकाएकी मोठी सूचना आली, 'तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा', तर मुळीच फोन करू नका. खरी कंपनी असा क्रमांक पडद्यावर देत नाही. कोणालाही ओटीपी सांगू नका, अनोळखी माणसाला दुरून लॅपटॉप हाताळू देऊ नका. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक.

शेवटी जुन्या यंत्रांविषयी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. साधारणपणे २०१८ पूर्वीचे पुष्कळ लॅपटॉप त्यात बसत नाहीत. मग ते भंगारात टाकायचे काय? तशी घाई नको. लिनक्स नावाची मोफत प्रणाली आहे. उबुंटू, मिंट ही तिची रूपे प्रसिद्ध आहेत, आणि आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाचे रूप तयार केले. केरळमधील सरकारी शाळांत मुले लिनक्सवरच शिकतात. तिचा एक मोठा गुण असा की, काहीही न पुसता ती नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, मराठी उमटते का, हे आधी पाहा. पटले तर ठेवा. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकायला मिळतात. मात्र एखादे सरकारी काम किंवा डिजिटल सही विशिष्ट विंडोजवरच चालत असेल, तर त्यासाठी वेगळी सोय ठेवावी लागेल, हेही ध्यानात असू द्या.

शिक्षकमित्रांनो, एक लहानशी विनंती करतो आणि थांबतो. गाईच्या वेताची, शेतातील फवारणीची नोंद आपण ठेवतो. तशीच शाळेच्या लॅपटॉपची एक वही करा. पहिल्या पानावर मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, विंडोज होम की प्रो, खाते कोणाचे, कुलपाचे आकडे कुठे ठेवले, मराठी फाँट कोणते, हे लिहा. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नका. पुढच्या पानांवर, कोणत्या तारखेला काय बिघडले आणि कशाने सुधारले, ते लिहा. तुमची बदली झाली तर नवे गुरुजी किंवा बाई येतील, त्यांना ही वही द्या. आणि वरच्या वर्गातील दोन-चार मुलामुलींना पिवळा त्रिकोण ओळखायला शिकवा. त्यांचे डोळे तेज असतात आणि भीती कमी असते.

तेव्हा आज घरी किंवा उद्या शाळेत गेल्यावर कपाट उघडा. बंद पडलेला लॅपटॉप बाहेर काढा, धूळ पुसा, चार्जर लावा आणि फोनची तार जोडा. सगळेच लॅपटॉप सुरू होतील असे मी म्हणत नाही. काहींचे भाग खरोखरच गेलेले असतील. पण ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून न मानता स्वतः यादी पाहून ठरवा. गावाने घामाच्या पैशातून घेतलेली वस्तू आहे ती, एवढी चौकशी तिच्या वाट्याला यायलाच हवी.